चोवीस तास खाटेवर

मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्या, असं २०१७ च्या कायद्याचं कलम २१ सांगतं. विमा नियामकाने २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये कंपन्यांचे कान धरले, तेव्हा पॉलिसीत तशी ओळ आली. आता दुधनीतल्या एखाद्या तूर-अडत्याची झोप उडाली तर? सोलापूर गाठायचं, समुपदेशकापुढे तासभर मन मोकळं करायचं आणि फी खिशातून मोजायची. बहुतेक पॉलिसी चोवीस तास खाटेवर पडल्याशिवाय दमडी सोडत नाहीत. खुर्चीत बसून बोललात तर ती ओपीडी. थोडं बिघडलं तर खर्च तुमचा, पार बिघडू दिलंत तर कंपनीचा!

रोखीत एक सोय मात्र आहे. क्लेमचा कागद होत नाही, सोयरिकीच्या वेळी बोभाटा नाही. (गाणगापूर तर जवळच, तिथे पूर्वमंजुरीही लागत नाही.)

२०२२ पासून १४४१६ वर टेलि-मानस ही हेल्पलाइन आहे. मराठीत बोला, कन्नडात बोला, फुकट ऐकून घेतात. फुकट म्हटल्यावर आमचा अडत्या बिचकतो: मग यांची अडत निघते कुठून?