लेव्हल 14 चा शेतकरी

भाचा सुट्टीत यवतमाळला आला तो लॅपटॉप घेऊनच. खेळाचं नाव 'रिमवर्ल्ड'. यान कोसळून परग्रहावर अडकलेल्या माणसांची वस्ती वसवायची. प्रत्येकाच्या नावापुढं 12 कौशल्यं, शून्य ते 20 अशा मोजमापात. जे काम करील, त्याचं कौशल्य वाढतं. आवडीच्या कामापुढं ज्योत पेटलेली दिसते. दोन ज्योती असल्या तर माणूस दीडपट वेगानं शिकतो, एकही नसली तर जेमतेम 35 टक्के वेगानं. काही जण तर हमालीला हातच लावत नाहीत, त्यांची पूर्वपीठिकाच तशी. अशांना आपल्याकडं खुर्ची देतात.

खरी मेख पुढंच आहे. कौशल्य 10 वर पोचलं की वापराविना गंजू लागतं.

"मामा, याले किती दिवस झाले शेतात पाठवलंच नाही. पाहा, 14 चा 13 झाला."

खेळ बनवणाऱ्यांना लॅमिनेशन ठाऊक नसावं. आपल्याकडं तीन दिवसांचं प्रशिक्षण, चहा-नाश्ता, ग्रुप फोटो आणि लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र एवढं झालं की माणूस मरेपर्यंत कुशल.

या खेळात कापूसही पिकतो. तोडला की थेट कापड हाती! ना जिनिंग, ना ओलावा मोजून भाव पाडणारा ग्रेडर. मी हे सांगितलं तेव्हा राळेगावकडचे आमचे काका पहिल्यांदा पडद्याकडं वळले.

काकांच्या हाताला सरकी कळायची. चांगल्या झाडांची बोंडं वेगळी वेचायची, सरकी राखायची, पेरणीच्या आदल्या दिवशी शेणमातीत चोळून तिची लव बसवायची, म्हणजे सरत्यातून दाणा मोकळा पडतो. हे ज्ञान खेळाच्या हिशेबात 18 च्या खाली नसावं. मग संकरित वाण आले, आणि 2002 नंतर बीटी कापसानं उरलंसुरलं काम पुरं केलं. बियाणं पाकिटात गेलं. पाकीट दरवर्षी नवं, नाव नवं, पोस्टरवरचा नट नवा. एका वाणाची खोड कळेस्तोवर ते बाजारातून गायब. ग्लेन डेव्हिस स्टोन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं वरंगलच्या कापूसवाल्यांत राहून 2007 साली नेमकं हेच मांडलं: शेतकरी स्वतःच्या वावरावरून शिकायचा थांबतो आणि शेजाऱ्यानं नेलं तेच पाकीट नेतो. म्हणजे इथला गंज आळसाचा नव्हे. माणूस रोज शेतात राबतोय आणि तरीही आकडा खाली येतोय. हा प्रकार त्या खेळालाही सुचला नाही.

कच्च्या स्वयंपाक्याचं जेवण खाऊन खेळातल्या वस्तीला विषबाधा होते. आमच्या जिल्ह्यात 2017 च्या हंगामात फवारणी करणाऱ्यांनाच झाली. वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात. मग सल्ला आला: मास्क लावा, हातमोजे घाला. ऑक्टोबरच्या उन्हात, डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत! कोणतं औषध कशात मिसळायचं नाही, ते बाटलीवर छापलेलं असतं म्हणे, मुंगीच्या अक्षरात.

काका बराच वेळ पडद्यावरचा शेतकरी न्याहाळत होते.

"याले बियाण्याचं पाकीट कितीले पडलं?"

"आजोबा, यात बियाणं लागतच नाही. जागा दाखवली का पेरते तो."

"अन् उधारी?"

"तेही नाही."

"मंग त्याची कला घसरते काहून?"

भाचा म्हणाला, "काम नाही दिलं तर घसरणारच ना."

काका काही बोलले नाहीत. टोपी झटकून डोक्यावर ठेवली, पायात चपला सरकवल्या.

"कुठं निघाले?" मी विचारलं.

"कृषी केंद्रात. यंदा लोक कोणतं नेऊन राह्यले, पाहून येतो."