चित्रपट-अभिप्रायशास्त्र : एक प्राथमिक रूपरेषा

चित्रपट पाहणे आणि चित्रपटाविषयी मत असणे या दोन क्रियांचा कार्यकारणसंबंध सर्वसाधारणपणे गृहीत धरला जात असला, तरी मराठी मध्यमवर्गाच्या व्यवहारात त्या स्वतंत्रपणे चालतात आणि दुसरीला पहिलीची गरज पडतेच असे नाही. ‘अभिप्राय’ ही संज्ञा येथे मर्यादित अर्थाने वापरली आहे : नुकत्याच पाहिलेल्या, अर्धवट पाहिलेल्या किंवा मेहुण्याने पाहिलेल्या चित्रपटावर हातातला चहा निवायच्या आत दिलेला निकाल म्हणजे अभिप्राय. समीक्षा ही त्याची दूरची आणि गरीब नातेवाईक होय, कारण समीक्षकाला चित्रपट शेवटपर्यंत पाहावा लागतो.

या शास्त्रातील सर्वांत परिपक्व सूत्र म्हणजे ‘एकदा बघायला हरकत नाही’. हे विधान स्तुती आहे की निंदा, याचा निर्णय अद्याप लागलेला नाही, आणि तो लागू नये अशीच त्याची रचना आहे. ऐकणाऱ्याने चौघांची तिकिटे काढली आणि चित्रपट पडेल निघाला, तर ‘हरकत नाही म्हटलं होतं, बघाच असं कुठे म्हटलं होतं?’ हा बचाव तयार असतो. चित्रपट उत्तम निघाला, तर ‘बघ, सांगितलं होतं की नाही?’ हा दावाही त्याच वाक्यातून निघतो. दोन्ही बाजूंनी इतका पक्का मसुदा नामांकित वकिलांनाही सहसा जमत नाही. याच कुळातील ‘पहिला हाफ चांगलाय, नंतर ताणलाय’ या सूत्राचा उगम पटकथेत शोधणे मात्र चुकीचे ठरेल. मध्यंतर, म्हणजे चित्रपटगृहाचा खाद्यविक्रीचा मुख्य खेळ, आटोपून प्रेक्षक जागेवर परततो तेव्हा समोशाच्या बिलाचा धक्का, पार्किंगची मुदत आणि फोनवर साचलेले निरोप त्याच्या सोबत बसलेले असतात. अशा अवस्थेत कोणत्याही दिग्दर्शकाचा उत्तरार्ध ताणलेलाच वाटणार.

‘पैसा वसूल’ ही संकल्पना, म्हणजे तिकिटाच्या दराशी करमणुकीचे वजन तोलून पाहण्याची पद्धत, अलीकडची समजली जाते. प्रत्यक्षात ती भारतीय चित्रपटाइतकीच जुनी आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशनमध्ये लागला. त्यानंतर तो मुंबईबाहेर नेला, तेव्हा दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहणाऱ्या प्रेक्षकाला हा आखूड खेळ महाग वाटू लागला, आणि दादासाहेब फाळके यांनी ५७,००० छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, अवघे तीन आणे अशा आशयाची जाहिरात केली, असे सांगितले जाते. फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी मावतात, हे लक्षात घेतले तर ५७,००० छायाचित्रांची लांबी साडेतीन हजार फुटांच्या आसपास, म्हणजे पाऊण मैलालाही कमी भरते. परंतु त्या काळी कोणी फूटपट्टी घेऊन बसले नव्हते, आणि आज ‘तीन तासांचा आहे, भरपूर आहे’ म्हणणाराही बसत नाही.

अभिप्रायाचा दुसरा मोठा वर्ग तुलनेवर उभा असून त्यात तुलनेची एक बाजू पाहिलेली नसणे हे जवळजवळ आवश्यक मानले जाते. कुसुमाग्रजांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले आणि डॉ. श्रीराम लागू यांनी साकारलेले गणपतराव बेलवलकर दंतकथा झाले. महेश मांजरेकर दिग्दर्शित चित्रपट १ जानेवारी २०१६ रोजी प्रदर्शित झाला, त्या संध्याकाळपासून ‘नाना चांगला आहे, पण लागूंची सर नाही’ हा अभिप्राय घरोघरी दिला जाऊ लागला. देणाऱ्यांमध्ये लागूंनी ती भूमिका सोडल्यानंतर जन्मलेल्यांचा भरणा लक्षणीय होता. ही सर वडिलांकडून वारशाने मिळते. वडिलांकडे ती कोठून आली याची चौकशी केल्यास काका पुण्याला असत, असे कळते.

खरी कसोटी लागते ती चित्रपट अंगावर आल्यावर. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने २०१६ साली उत्पन्नाचे विक्रम मोडले. आर्ची आणि परश्या यांचा तिच्याच माणसांनी केलेला खून, त्यानंतर पडद्यावरून काढून घेतलेला सगळा आवाज आणि रक्तात पाय बुडालेले ते मूल पाहून बाहेर आलेल्या प्रेक्षकांपैकी अनेकांनी ‘गाणी झकास, शेवट तेवढा असा नको होता’ असा निवाडा दिला. हा निवाडा नंतर अमलातही आणला गेला. शेवट वगळून ‘झिंगाट’ तेवढे वरातीत नेण्यात आले, आणि पोटजातीपर्यंत जुळवून, दोन्हीकडच्या मामांनी पसंत करून ठरवलेल्या लग्नांत आर्ची-परश्याच्या गाण्यावर दोन्हीकडचे मामाच सर्वांत जास्त नाचले. चित्रपटाचा समाजावर परिणाम होत नाही असे म्हणणाऱ्यांनी या वराती पाहिलेल्या नसाव्यात.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’विषयी ‘फार स्लो आहे’ यापलीकडे फारसा अभिप्राय जमला नाही. शाहिरावरच्या खटल्याच्या त्या तारखा कंटाळवाण्या आहेत, ही तक्रार ज्यांचा बांधाचा दावा आजोबांच्या काळापासून दिवाणी न्यायालयात उभा आहे अशा कुटुंबांतूनही आली, एवढे नोंदवून पुढे जाता येईल.

एका अव्ययाची दखल घेतल्याशिवाय ही रूपरेषा अपुरी राहील. ‘मराठी असूनही चांगला आहे’ या वाक्यातील ‘असूनही’ उच्चारताना बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे औदार्य उमटते, ते साधारणतः कोरियन मालिका सबटायटलसह सलग पाहणाऱ्याच्याच चेहऱ्यावर आढळते. मराठी चित्रपटांना खेळ मिळत नाहीत, याची चीड व्यक्त करणारा इसमही तोच असतो, आणि खेळ मिळाला की ‘ओटीटीवर येईलच’ म्हणणाराही तोच.

या संपूर्ण शास्त्राला एकच मान्य अपवाद आहे. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) याविषयी कोणी अभिप्राय देत नाही. विचारल्यास लोक थेट संवाद म्हणू लागतात. इतर प्रत्येक चित्रपटात ‘पण लॉजिक कुठाय?’ असे हटकून विचारणारा प्रेक्षक, नायकाने फोन का लावला नाही यावर रात्रभर वाद घालू शकणारा प्रेक्षक, साडी नेसलेला लक्ष्मीकांत बेर्डे एकाच घरात वावरत असताना घरमालकिणीला काहीच कसे उमगले नाही, हा प्रश्न आजतागायत विचारत नाही. आणि दुसऱ्या कोणी तो विचारलाच, तर त्याला पुढच्या चहाला बोलावत नाही.