भावी नगरसेवक

महापालिकेची निवडणूक लढवायची असे ज्याने ठरवले आहे, मित्रमंडळींनी ज्याला तसे पटवले आहे आणि पक्षाने ज्याला अजून काहीच सांगितलेले नाही, त्याला भावी नगरसेवक म्हणतात. वृत्तपत्रे त्याला 'इच्छुक' म्हणतात. कायद्याला तो ठाऊक नाही. कायदा ओळखतो तो उमेदवार, आणि उमेदवाराचे आयुष्य अर्ज भरल्यापासून मतमोजणीपर्यंतच्या दोन-तीन आठवड्यांचे. भावी नगरसेवक मात्र एकेका प्रभागात दहा-पंधरा वर्षे टिकून असतो. महाराष्ट्रातल्या सगळ्याच शहरांत तो सापडतो. येथे वर्णन मुख्यतः पुण्यातल्या भावी नगरसेवकाचे आहे, कारण फलक लावायला चौक आणि फलक वाचून नावे ठेवायला माणसे, दोन्ही पुण्यात मुबलक आहेत.

पात्रतेच्या अटी फारशा नाहीत. वय 21 पूर्ण हवे, शहराच्या मतदारयादीत नाव हवे, महापालिकेची थकबाकी नको, घरी शौचालय असून त्याचा वापर होतो हे कागदावर सांगता यायला हवे, आणि राखीव जागा असेल तर जात वैधता प्रमाणपत्राची तजवीज हवी. सप्टेंबर 2001 नंतर तिसरे अपत्य झालेले असेल तर उमेदवारी बाद. यातली शेवटची अट सर्वांत निष्ठुर आहे. वर्षानुवर्षे तुंबलेली घरपट्टी एका दुपारी भरता येते आणि बाकीचे कागद धावपळ करून गोळा होतात, पण तिसऱ्या बारशाला आलेले दोनशे पाहुणे साक्षीदार असतात. अशा वेळी होतकरू कार्यकर्ता स्वतः मागे राहतो आणि धाकट्या भावाला किंवा वहिनीला पुढे करतो.

भावी नगरसेवक घडतो तो बहुधा गणेश मंडळात. वर्गणी मागताना दारातून परत कसे फिरायचे नाही, मिरवणुकीत पोलिसांशी कोणत्या पट्टीत बोलायचे आणि जमाखर्च विचारणाऱ्याला चहा पाजून कसे घालवायचे, हे तिन्ही विषय तेथे शिकवले जातात. याखेरीज केबल, टँकर, प्लॉटिंग आणि बांधकाम साहित्याच्या धंद्यांतूनही पुरवठा होतो. पुण्याच्या हद्दीत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे आली, त्यांच्याबरोबर माजी सरपंचांची एक तयार फळीही आली. ग्रामपंचायतीत सर्वांना नावानिशी ओळखणारा हा माणूस शहरात आल्यावर काही काळ गोंधळतो, कारण त्याच्याच शेतावर उभ्या राहिलेल्या इमारतीचा वॉचमन त्याला नोंदवहीत सही केल्याशिवाय आत सोडत नाही. एक वेगळा प्रकार म्हणजे मोठ्या सोसायटीचा चेअरमन. चारशे फ्लॅट म्हणजे हजारभर मते असा त्याचा हिशेब असतो. मतदारयादी हातात आल्यावर कळते की निम्म्यांची नावे अजून लातूर, जळगाव आणि इंदूरला आहेत आणि उरलेल्यांना लिफ्टच्या वर्गणीवरून त्याच्याशी बोलायचे नाही.

भावी नगरसेवकाचे पहिले जाहीर दर्शन फलकावर घडते. निमित्त वाढदिवसाचे, स्वतःचा वर्षातून एकदाच येत असल्यामुळे नेत्यांचे आणि नेत्यांच्या मुलांचेही वाढदिवस धरले जातात. फलकाची मांडणी ठरलेली आहे. वरच्या रांगेत गोलात बसवलेले दिल्लीपासून वॉर्डापर्यंतचे नेते, मधे पूर्ण उंचीचा भावी नगरसेवक, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, हात जोडलेले नसतील तर मोबाइल कानाला आणि नजर फलकाबाहेर. खाली पासपोर्ट आकारात वीस-तीस शुभेच्छुक. यातला एकही फोटो गाळता येत नाही. गाळला तर तो माणूस आणि त्याच्या घरातली पाच मते समोरच्या गोटात जातात. 'कार्यसम्राट' ही पदवी कार्याच्या आधीच घेण्याची पद्धत आहे. जून 2022 मध्ये शिवसेना आणि जुलै 2023 मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस दुभंगल्यावर वरच्या रांगेचा पेच झाला. कोणाला ठेवावे आणि कोणाला काढावे हे ठरेपर्यंत धोरणी मंडळींनी तेथे नुसता गणपती टाकला. फ्लेक्सवाल्याने मूळ फाइल जपून ठेवली आणि सांगतील तशी रांग बदलून दिली. याच शहराच्या नगरपालिकेत जोतीराव फुले 1876 ते 1882 या काळात सदस्य होते आणि पुढे गोपाळ कृष्ण गोखले अध्यक्ष झाले. त्यांच्या वाढदिवसाने चौक अडल्याची नोंद सापडत नाही. फुले नियुक्त सदस्य होते, त्यामुळे तिकीट मागण्याची वेळ त्यांच्यावर आली नव्हती, हेही लक्षात घ्यावे लागेल.

फलकानंतरचे काम म्हणजे हजेरी. लग्नाला उशिरा गेले तरी चालते, मयताला नाही. ओंकारेश्वराच्या घाटावर दहाव्याला भावी नगरसेवक पहिल्या रांगेत उभा असतो आणि दिवंगत व्यक्तीशी आपले घरगुती संबंध होते हे सांगताना एखादे वेळी नाव चुकतो. नवरात्रात मंडळांची आरती, संक्रांतीला हळदीकुंकू आणि पैठणीचे खेळ, जूनमध्ये वह्यावाटप, दिवाळीत उटणे आणि सुगंधी तेलाची पिशवी, अधूनमधून चष्मे आणि रक्तदाब. 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरून देण्याची टेबले गल्लोगल्ली लागली, तेव्हा भावी नगरसेवकाला पहिल्यांदाच प्रभागातल्या सर्व महिलांची नावे, पत्ते आणि फोन क्रमांक एकगठ्ठा मिळाले.

सर्वांत खर्चिक उपक्रम देवदर्शनाचा. पहाटे पाचला चौकात सहा बस उभ्या राहतात, प्रत्येकीच्या पुढच्या काचेवर त्याचा फोटो. नाश्त्याच्या खोक्यावर, पाण्याच्या बाटलीवर आणि गळ्यातल्या ओळखपत्रावरही तोच. स्वतः तो बसमध्ये चढून "काही कमी पडलं तर पोराला फोन करा" असे प्रत्येक रांगेत सांगतो आणि बस सुटल्यावर घरी जाऊन झोपतो. जोतिबा-महालक्ष्मी हे किमान अंतर. महत्त्वाकांक्षा वाढेल तशी बस उज्जैन आणि काशीपर्यंत जाते. एकाच हंगामात एखाद्या मतदार बाईने एका इच्छुकाकडून जोतिबाचे पेढे, दुसऱ्या इच्छुकाकडून तुळजापूरचे कुंकू आणि तिसऱ्याकडून अयोध्येचा प्रसाद आणलेला असतो. मत कोणाला द्यायचे हे तिचे आधीपासून ठरलेले असते आणि ते ती प्रवासात कोणालाही सांगत नाही.

या सगळ्याची टिंगल करणे सोपे आहे, पण एक काळ असा आला की शहर त्याच्यावाचून अडले. पुणे महापालिकेची मुदत 14 मार्च 2022 रोजी संपली. इतर मागासवर्गाचे आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात गेले आणि पुढची जवळपास चार वर्षे कारभार प्रशासकाने पाहिला. मुंबई, ठाणे, नाशिक, नागपूर येथेही तेच झाले. शहराला एकही नगरसेवक नव्हता, माजी होते आणि भावी होते. ड्रेनेज उलटले, दिवा बंद पडला, चार दिवस पाणी आले नाही, शाळेचा प्रवेश अडला, ससूनला खाट मिळेना, की लोक फोन लावत तो भावी नगरसेवकाला. त्याच्या हातात अधिकार शून्य, निधी शून्य. पण कनिष्ठ अभियंत्याचा फोन क्रमांक पाठ, चेंबर साफ करणाऱ्या गाडीच्या चालकाशी दोस्ती आणि प्रसंगी स्वतःच्या खिशातून टँकर सांगण्याची तयारी. नगरसेवकाची कामे त्याने नगरसेवक न होता केली. चेंबरवर वाकून उभा असलेला फोटो पाठोपाठ सर्व गटांवर पडत असे, हे खरे. चेंबरही मोकळे होत असे.

एवढी राबणूक करून तयार केलेला प्रभाग त्याचा राहीलच असे नसते. किती सदस्यांचा प्रभाग असावा हे दर निवडणुकीला नव्याने ठरते. मुंबईत एका प्रभागाला एक सदस्य. बाकी शहरांत 2002 मध्ये तीन, 2007 मध्ये एक, 2012 मध्ये दोन आणि 2017 मध्ये चार. 2022 साठी पुण्यात तीनच्या प्रभागांची रचना पक्की झाली, राज्यात सरकार बदलले आणि गाडी पुन्हा चारवर आली. ज्याने तीनच्या हिशेबाने नदीपलीकडच्या वस्तीत हळदीकुंकू केले होते, त्याचे वाण वाया गेले. नकाशा प्रसिद्ध झाला की भावी नगरसेवक तो भिंतीला लावून बोटाने हद्द तपासतो आणि आपल्या मंडळाचा मांडव ओढ्याच्या कोणत्या बाजूला गेला ते पाहतो. मग हरकती-सूचनांच्या मुदतीत 'भौगोलिक सलगता' भंग झाल्याचा अर्ज देतो. मुदतीपुरता तो भूगोलाचा अभ्यासक असतो.

यानंतर आरक्षणाची सोडत. नाट्यगृहाच्या रंगमंचावर पारदर्शक पिंपात चिठ्ठ्या असतात, शाळेतली मुले त्या काढतात आणि खाली खुर्च्यांवर पोक्त माणसे श्वास रोखून त्या चिमुकल्या हाताकडे पाहतात. महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या जागा महिलांसाठी आहेत. चिठ्ठीत महिला आरक्षण निघाले की भावी नगरसेवक नाट्यगृहाबाहेर येण्याच्या आत घरी फोन करतो आणि "आधारकार्ड कुठं ठेवलंय?" एवढेच विचारतो. दुसऱ्या दिवशीच्या फलकावर 'सौ.' अवतरतात, त्यांच्या नावापुढे 'ताई' लागते, आणि मागे यजमानांचा फोटो थोडा मोठाच राहतो. सभागृहात मात्र नेहमी यजमानांच्या मनासारखे घडत नाही. काही ताई पहिल्या वर्षी लिहून दिलेले वाचतात, दुसऱ्या वर्षी अंदाजपत्रक वाचू लागतात आणि पाचव्या वर्षी यजमानांची ओळख 'ताईंचे मिस्टर' अशी करून द्यावी लागते.

पक्षाच्या मुलाखतींना भावी नगरसेवक ढोल-ताशे आणि गाड्यांचा ताफा घेऊन येतो. बरोबर बाइंडिंग केलेला कार्यअहवाल असतो, त्यात कात्रणे आणि फोटो. मुलाखत पाच मिनिटांत आटोपते. "निवडून येण्याची क्षमता काय?" या प्रश्नाचा अर्थ खर्च किती करणार असा असतो, आणि हे दोन्ही बाजूंना माहीत असते. त्यानंतरचे दिवस एबी फॉर्मचे. पक्षाने अधिकृत उमेदवार कोण हे कळवण्याचा हा कागद. तो अर्जासोबत मुदतीत पोहोचला तरच पक्षाचे चिन्ह मिळते. मागच्या खेपेला अर्जांचा शेवटचा दिवस 30 डिसेंबर 2025 होता. बंडखोरीच्या धास्तीने पक्षांनी याद्या शेवटपर्यंत झाकून ठेवल्या आणि फॉर्म थेट हातात दिले. फोन बंद, बंगल्याचे फाटक बंद, आणि बाहेर गाडीत बसलेला भावी नगरसेवक. मागच्या सीटवर चार पक्षांची उपरणी घडी करून ठेवलेली. फॉर्म दुसऱ्याला गेला तर 'निष्ठावंतांवर अन्याय' झालेला असतो आणि तासाभरात निष्ठा बदलते. जो कोठेच लागत नाही तो अपक्ष उभा राहतो आणि त्याला कपबशी, शिट्टी किंवा शिलाई यंत्र यांतले काहीतरी मिळते. माघारीच्या मुदतीपर्यंत त्याची समजूत काढायला आजवर फोन न उचललेले सगळे नेते घरी येऊन जातात.

प्रचाराला जेमतेम दहा-अकरा दिवस मिळतात. पुण्यात 41 प्रभाग आणि 165 जागा. 2011 च्या जनगणनेने एका प्रभागात सरासरी 80 हजारांवर लोकवस्ती. एवढ्या दारांत जाणे अशक्य, म्हणून दारातली माणसे रस्त्यावर येतील अशी पदयात्रा काढतात. अ, ब, क, ड अशा जागांसाठी बहुतेक प्रभागांत मतदाराला चार मते असतात, त्यामुळे पॅनेलचे चौघे एकत्र फिरतात. चौघे हात उंचावतात, चौघांना ओवाळले जाते. गल्लीच्या तोंडाशी त्यांतला एक मुद्दाम मागे रेंगाळतो आणि ओळखीच्या घरात हळूच सांगतो, "बाकी तिघांचं तुम्ही बघा, आपलं एक पक्कं धरा." उरलेले तिघे दुसऱ्या गल्लीत हेच करत असतात. स्पीकरच्या रिक्षेवर ताई-माई-अक्कांना अजून शिक्का मारायला सांगितले जाते; मतदान यंत्रावर आले त्याला बरीच वर्षे झाली, पण बटणाचे अक्काशी यमक जुळत नाही.

खर्चाला मर्यादा आहे आणि चहा, वडापाव, खुर्ची, मांडव यांचे दर निवडणूक कार्यालय ठरवून देते. कार्यकर्त्यांनी रात्री हाणलेली मटण थाळी रोजच्या हिशेबात पोह्यांच्या प्लेटा होऊन येते. पाकिटांचा खर्च कोणत्याच तक्त्यात नसतो.

15 जानेवारी 2026 ला राज्यातल्या 29 महापालिकांचे मतदान झाले आणि दुसऱ्या दिवशी मोजणी. जो निवडून येतो तो गुलालातच स्थायी समितीच्या 16 जागांचा विचार करू लागतो आणि या लेखाच्या कक्षेबाहेर जातो. जो पडतो तो पहिल्या दिवशी यंत्रावर, दुसऱ्या दिवशी पॅनेलमधल्या तिघांवर आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच्या मेव्हण्यावर संशय घेतो. चौथ्या दिवशी 'जनतेचा कौल मान्य' असा आभाराचा फलक लावून तो स्वीकृत सदस्यत्वासाठी पक्ष कार्यालयात जाऊन बसतो. तेथे दुसरे पडलेले आधीच आलेले असतात. निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशेब सादर करावा लागतो, नाही केला तर अपात्र ठरवता येते. तो हिशेब भावी नगरसेवक पोह्यांच्या शेवटच्या प्लेटेपर्यंत जुळवून, मुदतीच्या आत, पोच घेऊन देतो.