मृतसाठ्याच्या काठी

बीड शहरात रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. मंजुरी १९९५ च्या सुमाराची. मधल्या काळात रुळांची वाट बघत एक अख्खी पिढी निवृत्त झाली, त्यात पाटबंधारे खात्यातून मीही झालो. रेल्वे काही येईना, म्हणून मी आधी जहाजात बसून आलो. गल्लीत आता पाहुण्यांना माझी ओळख तशीच करून देतात : "हे आमचे अण्णा. रेल्वेच्या आधी बोट बघितलेले."

मुलगी-जावई फ्लोरिडात असतात. मुलगी म्हणाली, "अण्णा, क्रूझनं बहामाला जाऊ. बोट एक दिवस खासगी बेटावर थांबते. दिवसभर नुसता बीच."

आमच्या हिनं विचारलं, "खासगी म्हंजी कुणाचं?"

"बोटीच्या कंपनीचं."

"मग दुसऱ्याच्या रानात आपण कामून जायचं?"

प्रश्न रास्त होता. जावईबापूंनी उत्तर दिलं ते आम्हाला बोटीवरच्या जेवणापेक्षा जास्त आवडलं. बहामामध्ये सुमारे ७०० बेटं आहेत आणि बहुतेकांवर माणूस राहत नाही. १९७७ साली नॉर्वेजियन क्रूझ लाइननं त्यातलं ग्रेट स्टिरप के नावाचं एक घेऊन टाकलं. प्रवासी एरवी बंदरावर उतरला की गावातल्या दुकानात पैसे घालवतो. बेटच आपलं असलं की नारळपाण्यापासून छत्रीपर्यंत सगळा पैसा घरातल्या घरात. मग बाकीच्या कंपन्याही बेटं शोधायला निघाल्या. डिस्नेचं बेट १९९८ पासून चालू आहे. तिथं पूर्वी चोरट्या मालाची विमानं उतरायची, आता त्याच धावपट्टीवर पोरं सायकली हाणतात. हैतीतलं लाबाडी तर बेटही नाही. मुख्य जमिनीचाच तुकडा, कुंपण घालून बेटाच्या पदाला चढवलेला. आमच्याकडच्या एखाद्या बाजार समितीच्या सभापतीला हे सुचलं असतं तर त्यानं माजलगाव धरणाच्या बॅकवॉटरमध्ये आठ दिवसांत भराव टाकला असता.

आमची बोट कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण पहिल्याच दारात आमचे धपाटे अडवले गेले. बोटीवरचं अन्न बेटावर न्यायचं नाही, असा नियम. हिनं रात्रीच डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी भरून ठेवली होती. (हे धपाटे विमानातून अमेरिकेत उतरले होते. तिथं कुणी हूं की चूं केलं नव्हतं.) तपासणीच्या पोरानं डबा उघडला, वास घेतला आणि अत्यंत अदबीनं झाकण लावलं. शेवटी आम्ही चौघांनी तिथंच भिंतीला टेकून धपाटे संपवले. मागं रांग खोळंबली. एका गोऱ्या आजोबांनी चटणी चाखली आणि ते नंतर दिवसभर आमच्यापासून लांब राहिले.

छोट्या होडीतून बेटावर उतरलो तर किनाऱ्यावर शेकडो आरामखुर्च्या आणि एकही रिकामी नाही. माणूस मात्र एकाही खुर्चीवर नव्हता. प्रत्येकीवर निळा टॉवेल. लोक पहाटे येऊन टॉवेल टाकून पोहायला गेले होते. जावईबापू हवालदिल झाले. आम्ही दोघं शांत होतो. बीडच्या स्टँडवर चालत्या एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात उमेदीची वर्षं घालवलेली माणसं आम्ही. धरलेल्या जागेतला धरणारा कच्चा की पक्का, हे रुमालाच्या घडीवरून ओळखतो. हिनं एक फेरी मारली, तीन टॉवेल हेरले, घड्या घालून शेजारच्या खुर्चीवर नीट ठेवले आणि पदर खोचून बसली. कुणी विचारायला आलं नाही. रुमाल टाकणाऱ्याचीही एक लायकी लागते.

मग मी समुद्र बघितला. पाणी एवढं नितळ की तळाची पांढरी वाळू दिसत होती. सगळे वेडे झाले होते. माझ्या डोक्यात खात्याचा हिशोब सुरू झाला. माजलगाव धरणात ४५४ दलघमी पाणी मावतं, त्यातलं १४२ मृतसाठा, म्हणजे ते असून नसल्यासारखं. मी समोर क्षितिजापर्यंत नजर टाकली. पिता येत नाही, रानाला देता येत नाही. सगळाच्या सगळा मृतसाठा! आणि लोक पैसे मोजून त्याच्यात उड्या मारत होते.

होडीवरचा एक स्थानिक माणूस गप्पिष्ट निघाला. राजधानी नासाऊजवळचा. जावयानं दुभाष्याचं काम केलं. बहामामध्ये नदी म्हणावी अशी एकही नाही, आणि त्यांच्या राजधानीला अनेक वर्षं शेजारच्या अँड्रॉस बेटावरून पाणी बोटीनं यायचं. मी त्याचा हात धरला. "म्हणजे टँकर!" जावयानं भाषांतर केलं नाही, गरजही पडली नाही, तो जोरजोरानं मान हलवत होता. पुढचा अर्धा तास आम्ही खेपा, गळती आणि बोट वेळेवर न येण्याबद्दल बोललो. परदेशात मला एवढं घरच्यासारखं दुसरं कुणीच वाटलं नाही.

हिला बेटाचं अप्रूप नव्हतं. "आपलं कंकालेश्वराचं देऊळ काय, तळ्याच्या मधीच हाय की," ती म्हणाली. "शिवरात्रीला चालत जातो. कुणी कार्ड मागत न्हाई." इथं नारळपाण्यालाही कार्ड लागत होतं, आणि कार्ड जावयाच्या खात्याला जोडलेलं, त्यामुळे ती सासू म्हणून तहानलेली बसली. साडीसकट गुडघाभर पाण्यात मात्र गेली, हळदकुंकू वाहून आली.

खरा प्रकार दुपारनंतर घडला. वाळू धुवायला किनाऱ्यावर गोड्या पाण्याचे शॉवर होते. लोक पाय धुऊन निघून जात, मागं पाणी तसंच वाहत. मी एक बंद केला. दुसरा केला. तोवर पहिल्यावर कुणीतरी येऊन गेलं. बत्तीस वर्षांची नोकरी अंगात असते हो. मी वाळूतून पळत या टोकापासून त्या टोकापर्यंत तोट्या आवळत सुटलो. माझा पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि ही लगबग बघून एका बाईनं मला थांबवलं आणि दोन बोटं दाखवून टॉवेल मागितले. मीही आणून दिले. शासकीय माणसाला नाही म्हणायची सवय असते, पण बाई अर्जाशिवाय एवढं गोड बोलली की मोडवेना. तिनं माझ्या हातात एक डॉलर ठेवला.

मुलगी लाजेनं लाल. जावईबापू म्हणाले, "अण्णा, अहो लोक तुम्हाला स्टाफ समजतायत!"

हिनं डॉलर माझ्या हातातून घेतला, उलटासुलटा बघितला आणि कमरेला खोचला.

"तिकडं झाडाच्या अंगाला अजून दोन नळ चालूच हायत," ती म्हणाली.