सह्याद्री कोळून प्यालेले बाबा

पावसाळा लागला की पुण्या-मुंबईकडच्या काही घरांत माळ्यावरून एक जुनी सॅक खाली उतरते. उतरवणारे गृहस्थ पन्नाशीच्या अलीकडचे, कुठेतरी मॅनेजर, शुगर 'बॉर्डरवर'. कॉलेजात असताना त्यांनी अर्धा सह्याद्री पालथा घातलेला असतो. उरलेला अर्धा पुढे सांगता सांगता पालथा होतो. मधल्या काळात लग्न, गृहकर्ज आणि कंबरदुखी या गोष्टी होऊन गेलेल्या असतात. आता त्यांना आपल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला कळसूबाई दाखवायची असते. मुलीने तशी मागणी केल्याची कुठेही नोंद नसते.

कळसूबाईच का? तर राज्यातलं सर्वांत उंच शिखर, 1646 मीटर. सोमवारी ऑफिसात सांगायला बरं पडतं.

"महाराष्ट्राचं एव्हरेस्ट आहे ते!" बाबा घोषणा करतात.

"एव्हरेस्ट 8848 आहे, बाबा. हे त्याच्या पाचव्या भागाएवढंसुद्धा नाही."

"गुगलवर चढणं वेगळं आणि पायांनी चढणं वेगळं!" हे वाक्य बाबांना स्वतःलाच इतकं आवडतं की घोटी सोडून बारी गाव येईपर्यंत ते ड्रायव्हरलाही ऐकवलं जातं.

आई या मोहिमेत नसते. तिने फक्त ठेपले, इलेक्ट्रॉल, सुके कपडे आणि गुडघ्याचा पट्टा एवढं दिलेलं असतं. पैकी पट्टा बाबांनी गाडीतच ठेवलेला असतो.

बारीतून निघताना बाबा पुढे. भाताच्या खाचरांच्या बांधावरून ते असे चालतात की जणू मागे मावळ्यांची तुकडी येते आहे. तोंडाने सूचना चालू: श्वास नाकाने घे, पाणी घोटघोट पी, पाऊल पूर्ण टेक. मुलीच्या कानात हेडफोन असल्यामुळे हे ज्ञान थेट अकोले तालुक्याच्या हवेत मिसळतं. पहिला खडा चढ लागला की बाबा थांबतात. दमले म्हणून नव्हे, दगड दाखवायला.

"हा बेसॉल्ट बघ. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे हा."

पुढच्या वळणावर कारवी निघते आणि ती सात वर्षांतून एकदा कशी फुलते हे सांगून होतं. त्याच्या पुढच्या वळणावर घाटवाटा, सातवाहन, जकात. चढ जितका अंगावर येणारा, तितकी माहिती सखोल. अनुभवी माणूस बाबांच्या व्याख्यानाच्या लांबीवरून उंची सांगू शकेल. मुलीला हे पहिल्या लाव्ह्यापाशीच कळलेलं असतं. पण ती काही बोलत नाही, उलट "अजून काही आहे का इथे बघण्यासारखं?" असं विचारून त्यांना एक जादा मिनिट मिळवून देते. या वयाच्या मुलांना समज नसते असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्यांच्या मागून डोंगर चढावा.

लिंबू सरबताच्या टपरीवर बसल्यावर देवीची कथा येते. कळसू ही कोळ्यांची पोर. पाटलाघरी कामाला राहिली ती अट घालून: केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. एकदा तिला नेमकी तीच कामं लावली. तिने ती केली आणि सगळं सोडून डोंगरावर निघून गेली, ती कायमचीच.

मुलगी पहिल्यांदाच हेडफोन काढते.

"म्हणजे हिने भांडी घासायला नाही म्हटलं आणि लोकांनी हिचं देऊळ बांधलं?"

बाबांना जिद्द, स्वाभिमान वगैरे मुद्द्यांकडे जायचं असतं. कथा आपल्याच घरच्या सिंकपर्यंत पोचेल याचा अंदाज नसतो. सरबतवाल्या मावशी मात्र मुलीकडे कौतुकाने बघतात आणि तिच्या पेल्यात थोडं सरबत वाढवतात.

मग लोखंडी शिड्या. "डोंगरात काय शांतता असते बघ," हे बाबांनी घरी सांगितलेलं असतं. पावसाळ्यातल्या रविवारी शिडीखाली रेशनच्या दुकानासारखी रांग असते, कुणाच्या तरी स्पीकरवर गाणी असतात आणि ओल्या लोखंडावर वर जाणारे नि खाली येणारे एकमेकांना सॉरी म्हणत असतात. "आमच्या वेळी असं नव्हतं," बाबा म्हणतात. त्यांच्या वेळीही त्यांच्यासारखेच दहा जण आरडाओरडा करत गेले होते, हे अल्बममधल्या फोटोंत स्पष्ट दिसतं.

माथ्यावर छोटं देऊळ, भन्नाट वारा आणि ढग. ढगांकडे बोट करून बाबा सांगतात, "तो अलंग, तो मदन, तो कुलंग." मुलगी फोनमधला नकाशा उघडते. "बाबा, तू भंडारदऱ्याकडे बोट दाखवतोयस." तेवढ्यात ढग फाटतात आणि खाली खरोखरच 1926 साली पुरं झालेलं, प्रवरा अडवणारं ते धरण, त्यामागे पसरलेलं पाणी! बाबा क्षणभर गप्प होतात, मग बोट न हलवता म्हणतात, "हो, मी तेच दाखवत होतो."

खरी परीक्षा उतरताना असते, कारण फुफ्फुसांना माहिती सांगून थांबवता येतं, गुडघे ऐकत नाहीत. आता मुलगी पुढे. बाबांची सॅक तिच्या पाठीवर कधी गेली यावर दोघेही बोलत नाहीत. "टाच आधी टेक, बाबा. घाई करू नको." म्हणजे हेडफोनमधून बरंच काही ऐकू येत होतं.

सोमवारी ऑफिसात बाबा सांगतात, "मुलीला घेऊन कळसूबाई केला. तिला जरा जड गेलं, पण केलं तिने." मुलगी मैत्रिणींना सांगते, "बाबाला फिरवून आणलं." दोन्ही वृत्तांत शेजारी ठेवले तर मी मुलीच्या बाजूने मत देईन.

तरीही शिबिराची फी भरून पोरांना परस्पर डोंगरावर धाडणाऱ्यांपेक्षा हे बाबा मला बरे वाटतात. तुमच्या घरी असे कुणी असतील तर त्यांना अडवू नका. फक्त रविवार टाळायला सांगा, आणि गुडघ्याचा पट्टा मुलीच्या सॅकमध्ये ठेवा.