हात न उचलणारा माणूस

हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात सगळे ज्युपिटर नोटबुक ब्राउझरमध्ये उघडतात. आप्पा सोडून. वय जेमतेम पस्तिशीचं, पण १९८५ साली आलेला ग्नू इमॅक्स वापरतो म्हणून पोरांनी त्याचा आप्पा करून टाकलाय. पायथन, टर्मिनल, मेल, गिट, सगळं त्याला त्या एकाच खिडकीत हवं. "कीबोर्डवरनं हात उचलायचाच कशाला?" हे पालुपद.

ब्राउझरवरचा त्याचा राग अगदीच बिनबुडाचा नाही. इमॅक्समध्ये कंट्रोल-डब्ल्यू दाबलं की निवडलेला मजकूर कापला जातो. ब्राउझरमध्ये अख्खा टॅबच मिटतो. बोटांना काय कळणार आपण कुठे आहोत! म्हणून त्याने नोटबुकच इमॅक्सात आणायचा पण केला. "एकदा बसवलं की जन्माची कटकट गेली," असं म्हणत तो ते दर सोमवारी नव्याने बसवतो.

एकदा साहेबांना जेवणाआधी विक्रीचा आलेख हवा होता. आप्पाने इमॅक्समधल्या ऑर्ग-मोडची फाइल उघडली, कोड लिहिला, कंट्रोल-सी दोनदा दाबलं. आलेखाच्या जागी एक ओळ उमटली: "फिगर साइझ ६४० बाय ४८०". साहेब वाकून बघत राहिले.

"आलेख झालाय साहेब. फक्त दिसत नाहीये."

मग दुरुस्ती करता करता, ऑर्ग-मोड २००३ मध्ये कार्स्टन डॉमिनिक नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने सुरू केला, हेही साहेबांना ऐकवून झालं. चित्र उमटलं तेव्हा चहाची वेळ टळली होती आणि साहेबांनी एक्सेलमधला आलेख कधीच पाठवून दिला होता.

पण दोघांनी एकच नोटबुक बदललं आणि गिट अडून बसलं की ऑफिसाला आप्पाच आठवतो. नोटबुकची फाइल आतून जेसन. कोडच्या शेजारीच चित्रंसुद्धा अक्षरांच्या लांबलचक रांगा होऊन बसलेली. कोणी काय बदललं, ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये. चिडवणारी पोरंच मग, "आप्पा, जरा बघता का?" म्हणत खुर्ची सरकवतात. तो एक-एक ओळ सोडवून देतो, जराही कुरकुर न करता. जाताना त्या पोराच्या कॅप्सलॉकचं तेवढं कंट्रोल करून टाकतो. न विचारता.

घरचा किराणाही ऑर्ग फाइलमध्येच असतो, नारळाला 'अ' दर्जाचं प्राधान्य वगैरे. वहिनी मात्र यादी व्हॉट्सअॅपवरच पाठवतात. ती परस्पर इमॅक्समध्ये कशी येईल, यावर सध्या काम चालू आहे. तोवर नारळ वहिनीच आणतात.