हेराची गोळी

'ऑस्टिन पॉवर्स पिनबॉल' हा 2002 साली प्लेस्टेशन आणि संगणकासाठी निघालेला स्वस्तातला व्हिडिओ गेम. ऑस्टिन पॉवर्स या हेराच्या मूळ चित्रपटांचा सारा विनोद अभिनेता माइक मायर्सच्या चेहऱ्यावर चालतो, म्हणून गेममध्ये नायकपद पोलादी गोळीला देण्यात आले. निवड अचूक म्हणावी लागेल. गोळी मानधन मागत नाही, संवाद विसरत नाही, कितीही आपटली तरी कुरकुरत नाही. खरे तर पुढच्या चित्रपटातही तिलाच घ्यायला हवे. तिला वर उडवणाऱ्या दोन फ्लिपरांच्या फटीतून ती घरंगळली की हेरगिरी आटोपते. पहिल्या चित्रपटात तीस वर्षे गोठून उठलेला खलनायक डॉक्टर ईव्हिल जगाकडे अवघ्या दहा लाख डॉलरची खंडणी मागायला निघतो, तेव्हा ही रक्कम फारच किरकोळ असल्याचे साथीदाराला सांगावे लागते. या गेमचा निर्मितीखर्च ठरवताना असा साथीदार हजर नसावा. चित्रपट तीन निघाले, गेममध्ये टेबले दोन आहेत.